मालगुंडला केशवसुतांच्या घरी सहल नेतेय. "हे तर आज्जीच्या घरासारखंच आहे" याला काय उत्तर देऊ?

लांज्याची मराठीबाई

नमस्कार मंडळी,

मी लांजा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गेली सोळा वर्षं मराठी शिकवते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आठवी-नववीची ४२ मुलं घेऊन मालगुंडला जायचं ठरलंय, केशवसुतांचं घर दाखवायला. एसटी ठरली, शाळेच्या सहलीला अर्ध्या भाड्याची सवलत असते ती मिळाली, पालकांची संमतिपत्रं जमा झाली. तेव्हा गाडी, जेवण, परवानगी यांबद्दल विचारत नाही. त्या घरात शिरल्यावर काय करायचं, एवढंच विचारायचंय.

मागच्या वर्षीचं आधी सांगते, म्हणजे माझी अडचण कळेल.

सकाळी सहाला निघालो. पाली, हातखंबा, निवळी फाट्याला वळून जाकादेवी आणि तिथून गणपतीपुळे. आधी दर्शन, मग डोंगराची प्रदक्षिणा, मग डबे, मग समुद्र. मालगुंड तिथून अगदी जवळ, म्हणून ते सगळ्यांत शेवटी ठेवलेलं. साडेतीनला पोचलो तेव्हा निम्म्या मुलांच्या पँटी गुडघ्यापर्यंत ओल्या, खिशात शिंपले, डोळ्यांवर झोप. मी अंगणात उभी राहिले आणि आदल्या रात्री लिहून काढलेलं बोलायला लागले. कृष्णाजी केशव दामले, जन्म १८६६, याच गावात. आधुनिक मराठी कवितेचे जनक. इंग्रजीतलं सॉनेट मराठीत आणलं ते त्यांनी, १८९२ साली. 'तुतारी' १८९३ ची. बारा मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

त्या बारा मिनिटांत मनापासून बोललेलं वाक्य एकच. आठवीतला एक मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाला, "बाई, ह्ये तर आमच्या आज्जीच्या घरासारकंच हाय. ह्यात बघायचं काय?"

तो चेष्टा करत नव्हता. मी त्याच्या वाडीवर गेलेली आहे. त्याच्या आजीचं घर खरंच तसं आहे. कौलारू, बुटक्या दाराचं, आत शिरलं की दुपारीसुद्धा थंड आणि काळोखं. त्याला जे दिसलं तेच तो बोलला. आणि मी काय म्हणाले, तर "शांत राहा, रांगेत पुढे चला."

वर्षभर ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. उत्तर द्यायचं म्हणजे काय द्यायचं? "इथे मोठा कवी जन्मला, म्हणून हे घर बघायचं" असं म्हणता येतं. आपण सगळीकडे तेच म्हणतो. पण त्याचा त्या मुलापुरता अर्थ असा होतो, की तुझ्या आजीच्या घरात कोणी मोठं जन्मलं नाही, म्हणून ते बघण्यासारखं नाही. मला त्याला हे सांगायचं नाही.

दुसरी गोष्ट मला स्वतःलाच छळते. हा कवी या घरात राहिला किती? वडील केशवपंत शिक्षक, पुढे नोकरीसाठी दापोलीकडच्या वळणे गावाला. मुलगा शिकायला खेड, बडोदा, वर्धा, नागपूर, पुणे. पोटासाठी मुंबईत मास्तरकी, मग खानदेशात भडगाव, फैजपूर, मग धारवाड. १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगनं गेले, पाठोपाठ पत्नीही. वय ३९. ज्या कविता आपण शिकवतो त्या लिहिल्या गेल्या दुसरीकडेच. मग मालगुंडच्या त्या खोल्यांमधून मी मुलांना नेमकं काय दाखवू?

कुणी मुलांना घेऊन तिथे गेलं असेल तर सांगा. कोणती कविता वाचलीत? किती वेळ थांबलात? समुद्र नंतर ठेवला तर मुलं घरात लक्ष देतात का?

&nbsp;

पुळ्याचा दुकानदार

बाई, मी इथलाच. डिसेंबर-जानेवारीत रोज सहली बघतो, म्हणून लिहितो.

पयलं घर, मग देव, मग समुद्र. उलट कराल तर मागच्या वर्षीसारखंच होईल. सहाला निघालात तर नऊच्या आत मालगुंडात याल. त्या वेळी गर्दी नसते, अंगणात ऊन कोवळं असतं. निघायच्या आदल्या दिवशी स्मारकात फोन करून किती मुलं, किती वाजता ते सांगा, म्हणजे तिथली माणसं तयारीत राहतील. कोकण मराठी साहित्य परिषदेनं ते घर सांभाळलंय. ही परिषद मधु मंगेश कर्णिकांनी १९९१ साली काढली आणि १९९४ ला स्मारक उभं राहिलं. एक खोली बघून परत फिरलात असं करू नका. बाकीच्या कवींचे फोटो आणि कविता लावलेलं दालनही तिथंच आहे.

मुलांना आधी खायला घाला. पाच वाजता घरून निघालेलं पोर नवाला कवितेकडं कसं बघणार?

आणि एक हात जोडून सांगतो. पुळ्याचा समुद्र दिसतो तसा नाय. किनारा उतरता आहे, लाट परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते. दर वर्षी इथं माणसं बुडतात. २०१६ साली मुरूडला सहलीतली पोरं गेली ती आठवा. पाण्यात घोट्याच्या वर कुणाला जाऊ देऊ नका, आणि शिक्षक पाण्याच्या बाजूला उभे राहा, वाळूच्या बाजूला नाय.

&nbsp;

गुहागरचे गुरुजी (निवृत्त)

बाई, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस मनात घोळवला. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मालगुंडला मुलं घेऊन अकरा वेळा गेलो. पहिल्या चार-पाच वेळा मीही तुमच्यासारखंच अंगणात भाषण केलं. मुलं ऐकत नव्हती असं नाही. ऐकत होती आणि विसरत होती.

तुमच्या त्या मुलानं तुम्हाला सहलीची सुरुवात हातात दिलीय. "आज्जीच्या घरासारखंच" हे वाक्य शेवटी येऊ देऊ नका, तिथूनच आरंभ करा.

मी काय करायचो ते सांगतो. सहलीच्या आधी आठवडाभर प्रत्येक मुलानं आपल्या वाडीतल्या सर्वांत जुन्या घरात जायचं आणि त्या घराचे दहा शब्द लिहून आणायचे. पुस्तकातले नकोत, तिथल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचे हवेत. ओटी, पडवी, माजघर, माळा, कोनाडा, खुंटी, शिंकं, अडसर, कणगी, न्हाणी. छपराकडे बघून आढं, वासे, रिपा. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की तीस-चाळीस शब्द येतील. फळा भरला आणि बाजूच्या भिंतीवर कागद लावावे लागले. मग ते शब्द घेऊन मालगुंडच्या घरात जायचं आणि एकेक वस्तू, एकेक जागा शोधायची. कोणता शब्द इथे सापडतो, कोणता नाही? मुलं त्या घरात तासभर असायची आणि त्यांना बाहेर काढावं लागायचं.

कौलांचं एक विचारा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननं मंगळूरला काढला तो १८६५ साली, म्हणजे केशवसुत जन्मले त्याच्या आदल्याच वर्षी. त्याआधी आपल्याकडे कुंभाराचे नळे, नाहीतर गवत. मग मुलांनी आपल्या आजी-आजोबांना विचारायचं, आपल्या घरावर मंगलोरी कौल कधी चढलं, आधी काय होतं. मालगुंडचं घर दुरुस्त करून उभं केलेलं आहे, त्यातली प्रत्येक वस्तू त्या काळची नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगा. मुलांना खरं सांगितलं की ती जास्त नीट बघतात.

आता तुमची दुसरी शंका. कवी या घरात राहिला किती?

बाई, तुमच्या ४२ मुलांपैकी किती जणांचे वडील मुंबईला आहेत? काका, मोठा भाऊ, आत्या? लांजा, संगमेश्वर, राजापूर, गुहागर, कुठेही जा, दर घरटी एक माणूस चाकरमानी. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, उरलेलं वर्ष घर त्याच्याविना असतं. केशवसुत तसेच होते. घर सोडून पोटामागे गेलेला कोकणातला मास्तर. ते तिथे राहिले नाहीत ही तुम्हाला उणीव वाटते. मला तर मुलांना त्यांच्याजवळ नेणारी वाट तीच वाटते.

म्हणून मी तिथे 'तुतारी' वाचत नसे. ती शाळेत वाचा, तिला वर्गाच्या भिंतीही पुरतात. तिथे मी 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' वाचायचो. देशावर असलेला माणूस आपल्या मुलखाकडून आलेल्या वाऱ्याशी बोलतो. भाषा जुनी आहे, वृत्त आहे, पहिल्यांदा मुलांना अडतं. आदल्या दिवशी वर्गात अर्थ लावून घ्यायचा आणि तिथे फक्त मोठ्यानं वाचायची, सावकाश, दोनदा. वाचून झाल्यावर काही विचारायचं नाही. मी एकदा लगेच "कवीला काय वाटत असेल?" असं विचारलं आणि सगळी मजा घालवली.

मुलांना आवडणाऱ्या आणखी दोन गोष्टी. केशवसुत मॅट्रिक झाले १८८९ साली, तेविसाव्या वर्षी. नापासाच्या भीतीनं झोप उडालेल्या नववीच्या मुलाला हे सांगा. वर्गात मास्तरांनी चेहऱ्यावरून बोल लावला, त्यावर त्यांनी 'दुर्मुखलेला' ही कविता लिहिली. ही कविता मी मुलांपेक्षा नव्या शिक्षकांनाच जास्त वेळा वाचायला दिली. तुमच्या त्या न बोलणाऱ्या मुलाला ती नक्की द्या.

आणि तुम्ही मराठीच्या बाई, म्हणून हे तुमच्यासाठी. ज्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आलं आणि आजही ज्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही, ते मोरो केशव दामले म्हणजे केशवसुतांचे सख्खे धाकटे भाऊ. एकानं कवितेचा जुना साचा मोडला, दुसऱ्यानं भाषेचे नियम लिहून ठेवले, आणि दोघं एका शिक्षकाची मुलं. प्रत्येक वेळी त्या दाराशी उभा राहिलो की माझ्या मनात हेच यायचं.

&nbsp;

डोंबिवलीत राहणारा चिपळूणकर

गुरुजींनी चाकरमान्यांचं लिहिलं म्हणून राहवलं नाही.

मी सातवीत असताना, १९९६ साली, आमची सहल मालगुंडला गेली होती. सरांनी काय सांगितलं त्यातलं आज काही आठवत नाही. आठवतं ते हे, की परत निघताना सरांनी प्रत्येकाच्या हातात एक कोरं पोस्टकार्ड ठेवलं आणि म्हणाले, "जो माणूस आत्ता तुमच्या घरात नाही, त्याला इथून लिहा." घर बघून झालं होतं, भूक लागली होती, आणि आम्ही पंचवीस-तीस पोरं अंगणात मांडी घालून, मांडीवर डब्याचं झाकण ठेवून लिहीत बसलो होतो.

माझे वडील तेव्हा परळला. गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन होते. मी त्यांना काय लिहिलं हे मी विसरून गेलो होतो. ते गेले त्यानंतर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. रेशनकार्ड, गिरणीचा बिल्ला, आणि घडी न घालता सरळ ठेवलेलं ते पोस्टकार्ड. मी लिहिलं होतं, "बाबा, इथे एका कवीचं घर आहे. तेपण बाहेरगावी नोकरीला होते. आपल्या ओटीवरचा बल्ब गेला आहे. तुम्ही आलात की बदला."

बाई, पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं. ४२ मुलांचे २१ रुपये होतात.

&nbsp;

रत्नागिरी फिरणारा

सूचना करतो, राग मानू नका. एका घरासाठी एवढा प्रवास कशाला? त्याच दिवसात रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थान, थिबा राजवाडा, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग, आणि येताना आरे-वारेचा रस्ता, सगळं होऊ शकतं. मुलांना जास्त बघायला मिळेल.

&nbsp;

लांज्याची मराठीबाई

राग कसला? हा हिशोब मीही अनेक वर्षं केलाय. तीन वर्षांपूर्वी एका दिवसात पाच ठिकाणं केली. परत आल्यावर निबंध लिहून घेतला, तर चौदा जणांनी थिबा राजाचा राजवाडा आणि टिळकांचं घर एकच करून टाकलं होतं. टिळकांच्या घराला स्वतंत्र दिवस देईन, तेही तितकंच मोलाचं आहे. या वेळी एकच घर.

गुरुजी, तुमचं उत्तर मी छापून काढून वहीत चिकटवलंय. चाकरमान्यांचं तुम्ही म्हणालात तसं वर्गात विचारलं. ४२ पैकी २९ हात वर. इतकी वर्षं मी हजेरी घेते आणि हा आकडा मला ठाऊक नव्हता.

चिपळूणकर, तुमच्या वडिलांच्या ट्रंकेबद्दल वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. पोस्टकार्डं आजच आणली.

जाऊन आले की कळवते.

&nbsp;

लांज्याची मराठीबाई

जाऊन आलो. जरा सविस्तर लिहिते, कारण यातलं बरंचसं तुमच्यामुळे झालं.

आधी शब्दांचं. दहा-दहा शब्द आणा म्हटलं होतं, आठवड्यात १३७ वेगवेगळे शब्द आले. एका मुलीनं शब्दांऐवजी चित्र आणलं. कागदभर नुसत्या अर्धगोल रेघा, एकात एक. मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, सारवण आहे. तिची आजी डावखुरी आहे, त्यामुळे तिनं सारवलेल्या जमिनीवर हाताचे फेरे उजवीकडून डावीकडे वळतात, आणि आई सारवते तेव्हा उलटे. वाडीत कुणाच्याही पडवीत पाय ठेवला की कुणी सारवलंय ते तिला कळतं. मी कोकणातच वाढले. सारवलेल्या जमिनीवर जन्म काढला आणि हे कधी पाहिलं नाही.

सहलीच्या दिवशी पावणेनऊला मालगुंड. आधी सगळ्यांना पोहे. मग मी भाषण केलं नाही. तो मुलगा आता नववीत आहे. त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की उद्या घर तू दाखवायचंस. मी मागे उभी राहणार. तो रात्रभर झोपला नव्हता असं त्याच्या मित्रानं सांगितलं.

दाराशी उभं राहून तो पहिलं वाक्य बोलला, "डोकी वाकवा." मग थांबला. मला वाटलं, आता गप्प होतो. पण त्यानं चौकटीवर हात ठेवला आणि सांगायला लागला. दार बुटकं का असतं, तर आत येणाऱ्यानं वाकून यावं म्हणून, असं आज्जी सांगते. त्याला स्वतःला वाटतं की पावसाची झड आत येऊ नये म्हणून असेल. उंबरठ्यावर पाय का ठेवायचा नाही. भिंतीत कोनाडे कशासाठी. प्रत्येक ठिकाणी "आमच्याकडे असं, इथं तसं". मुलं त्याला प्रश्न विचारत होती. एकीनं विचारलं, "बाळंतिणीची खोली कुठली?" आणि सगळी एकदम शांत झाली. मग तिनंच हळूच म्हटलं, "म्हणजे ते जन्मले कुठं?" १८६६ हा आकडा मी मागच्या वर्षी तीनदा सांगितला होता. या वेळी मी तो सांगितला नाही, मुलांनी मला विचारून घेतला.

आम्ही आत पाऊण तास होतो. दामल्यांच्या व्याकरणाचं मी तिथेच सांगितलं, तर नववीतल्या एका मुलानं विचारलं, "म्हणजे प्रयोग ह्याच घरातनं आले?" तसं अगदी म्हणता येणार नाही, असं सांगून त्याला समजावलं. पण कर्तरी-कर्मणीकडे तो यापुढे जरा वेगळ्या नजरेनं बघेल असं वाटतं.

मग अंगणात बसून 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' वाचली. दोनदा, सावकाश, गुरुजी. वाचून झाल्यावर मी काही विचारलं नाही. एक मुलगी आहे, तिचा मामा साखरीनाट्याला मासेमारी करतो, सुट्टीत ती तिकडेच असते. ती उठून उभी राहिली, नारळाच्या झावळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, आत्ता हा वारा नाय. आत्ता मतलई आहे, डोंगराकडून दर्याकडं जाते. नैर्ऋत्येचा पावसाळ्यात येतो."

मी थक्क झाले. सोळा वर्षांत ही कविता मी कितीदा वाचली असेल, पण वाऱ्याची दिशा कधी पाहिली नव्हती. मुलांनी मग आपापसात लावलं ते असं. नैर्ऋत्येचा वारा म्हणजे पावसाचा. तो आधी आपल्यावरून जातो, मग घाट चढून देशावर. म्हणजे तिकडे मास्तरांच्या अंगाला वारा लागला तेव्हा इकडे कोकणात तो आधीच येऊन गेलेला. एकजण म्हणाला, "म्हणजे आमच्या घरावरनं गेलेला वारा बाबांना मुंबईत लागतो काय?" नकाशा काढून बसलो. मुंबई आपल्या उत्तरेला, त्यामुळे अगदी तसं होत नाही, पण कराड, साताऱ्याच्या बाजूला जातो. ज्याचा भाऊ कराडला आहे त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

अकराच्या सुमाराला झावळ्या हलायच्या थांबल्या, थोड्या वेळानं उलट्या बाजूला हलायला लागल्या. खारा वारा सुटला होता. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे, मतलई वारे याच मुलांनी पाठ केलेत, परीक्षेत लिहिलेत. त्या दिवशी सगळी माना वर करून झाडाकडे बघत होती.

ही कविता आता मी जुलैत परत घेणार आहे, वर्गात, खिडक्या उघड्या ठेवून. वह्या भिजल्या तर भिजल्या.

शेवटी पोस्टकार्डं. पत्ता कुठे लिहायचा हे ४२ पैकी तिघांनाच माहीत होतं, पिनकोड कुणालाच नाही. त्यातच अर्धा तास गेला. डब्याची झाकणं मांडीवर घेऊनच लिहिली, चिपळूणकर. मी कुणाचंही वाचलं नाही. नंतर गणपतीचं दर्शन, आणि समुद्रावर घोट्यापर्यंत पाणी. आम्ही चौघं शिक्षक पाण्याच्या बाजूला उभे होतो.

दुर्मुखलेल्यावरची कविता मी त्या मुलाला परतीच्या गाडीत दिली. हातखंब्यापर्यंत तो ती वाचत होता. अजून काही बोललेला नाही, मीही विचारलेलं नाही.

&nbsp;

गुहागरचे गुरुजी (निवृत्त)

बाई, अकरा सहली केल्या, पण वाऱ्याचं मला कोणा मुलानं सांगितलं नाही. मी डिसेंबरात ती कविता वाचत राहिलो आणि वर झाडाकडे कधी पाहिलं नाही. त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. आणि तो सारवणाचा कागद जपून ठेवा, शाळेत काचेत लावा.

&nbsp;

पुळ्याचा दुकानदार

बाई, पोस्टमन दुकानात च्या प्यायला येतो. परवा सांगत होता, पेटी उघडली तर कार्डंच कार्डं, बऱ्याच वर्षांत एवढी बघितली नाय. मोजली म्हणे त्यानं, ४१ होती. तुम्ही तर ४२ लिहिलंय. एखादं कुठं पडलं काय बघा, अंगणात असेल तर मी शोधून टाकतो.

&nbsp;

लांज्याची मराठीबाई

पडलं नाही हो दादा, शोधू नका. बेचाळिसावं त्यानं खिशात ठेवलं. आज्जीला लिहिलंय, आणि आज्जीला वाचता येत नाही. पोस्टमन देऊन जाईल तेव्हा मी शाळेत असेन, मग तिला वाचून कोण दाखवणार, म्हणाला. रविवारी स्वतः घेऊन वाडीवर गेला.